शब्दचर्चा : ‘शंभर एमबी’ म्हणजे नेमके किती?

यावल तालुक्यातून प्रश्न

आमच्या ग्रामपंचायतीत फायबर आलंय. कागदावर ‘100 एमबी’ लिहिलंय, पण मोठी फाइल उतरवायला घेतली की संगणकावर आकडा 11.3 एमबीच्या वर चढत नाही. ग्रामसभेत दोघं-तिघं म्हणाले, बाकीचे एमबी मधल्यामध्ये कोणीतरी खातंय. ऑपरेटर मी, त्यामुळे उत्तरही मलाच द्यायचंय. नाना, तुमची सगळी नोकरी टेलिकॉमच्या ट्रान्समिशनमध्ये गेली. हा एमबी एकच आहे का दोन?

उत्तर

ताई, दोन आहेत. इंग्रजीत धाकटा ‘बी’ म्हणजे बिट आणि थोरला ‘बी’ म्हणजे बाइट. आपल्या देवनागरीत अक्षराला धाकटं-थोरलं रूप नाही, त्यामुळे मराठीत आल्यावर दोन्हींचा ‘एमबी’च होतो. म्हणून मराठीत हा संक्षेप टाकून द्यावा आणि ‘मेगाबिट’, ‘मेगाबाइट’ असं पुरतं लिहावं, असं माझं ठाम मत आहे. चार अक्षरं जास्त लागली तर लागू द्या.

आता तुमचा हिशोब. कागदावरचे 100 हे मेगाबिट आहेत. एका बाइटमध्ये 8 बिट, म्हणजे 12.5 मेगाबाइट. तेही सगळे तुमच्या फाइलचे नसतात. इथरनेटवर, म्हणजे संगणक जोडणाऱ्या जाळ्यात, डेटा चौकटी-चौकटीनं जातो. पूर्ण भरलेली एक चौकट तारेवर 1538 बाइटची जागा घेते आणि त्यात फाइलचे साधारण 1460 बाइट असतात. बाकीच्या जागेत पत्ते, चूक तपासायचे आकडे आणि दोन चौकटींमधलं अंतर. उरले 11.87. शेवटी विंडोज मेगाबाइट मोजताना 10 लाखानं न भागता 1024 गुणिले 1024 नं भागतं, म्हणून पडद्यावर 11.3 दिसतात. म्हणजे तुमची जोडणी पुरेपूर चालतेय, कोणी काही खाल्लेलं नाही. ग्रामसभेत हे फळ्यावर मांडून दाखवा.

1024 च्या मापाला 1998 मध्ये ‘मेबीबाइट’ असं वेगळं नाव मिळालं, पण ते लोकांच्या तोंडी बसलं नाही. टेलिकॉममध्ये दर मोजताना 1024 येतच नाही. किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे शंभर कोटी, टेरा म्हणजे एक लाख कोटी. आपली लाख-कोटीची मोजणी इथे फार सोयीची पडते.

धुळ्याहून, डिप्लोमाचा विद्यार्थी

नाना, माझं गाडं एसटीएम-1 वर अडलंय, म्हणजे फायबरवरून पुष्कळ जोडण्या एकत्र नेणाऱ्या टेलिकॉम पद्धतीच्या पहिल्या पायरीवर. वहीत त्याचा दर 155.52 मेगाबिट आहे आणि त्यात 63 ई-1 बसतात. ई-1 ही टेलिफोनची बोलणी एकत्र नेणारी लहान जोडणी, एक ई-1 म्हणजे 2.048 मेगाबिट. भागलं तर 75 यायला पाहिजेत, अन् 63 नं गुणलं तर 129.024 च भरतात. गणित चुकतंय का माझं?

उत्तर

ना भो, गणित बरोबर आहे. मापं दोन आहेत. कापूस काट्यावर चढतो तो सरकीसकट. जिनिंगमधून रुई निघते ती साधारण तिसरा हिस्सा. कापसाच्या क्विंटलला रुईच्या क्विंटलनं भागून गाठी मोजल्या तर हिशोब चुकणारच. 155.52 हे कापसाचं वजन आहे, 129.024 ही रुई. (इथे रुईचा हिस्सा खऱ्या कापसातल्यापेक्षा कितीतरी मोठा निघतो, एवढा फरक ध्यानात ठेव.)

हा आकडा पाठ करू नको, मांडून बघ. एसटीएम-1 ची चौकट 9 ओळी आणि 270 स्तंभांची, म्हणजे 2430 बाइट. सेकंदाला अशा 8000 चौकटी जातात. 8 नं गुणलं की बरोबर 155.52 येतात. पहिले 9 स्तंभ देखरेखीचे, आणि आतल्या ई-1 ना आपापलं वेष्टण असतं. ई-1 चंही तसंच : 64 किलोबिटचे 32 कप्पे, बोलण्यासाठी त्यातले 30. आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घ्यायचे ठरलं, तोच 8000 वरपर्यंत टिकला.

पुढच्या पायऱ्या नेमक्या चौपटीच्या : एसटीएम-4 चे 622.08, एसटीएम-16 चे 2488.32, एसटीएम-64 चे 9953.28 मेगाबिट. बोलताना आम्ही ‘अडीच जी’, ‘दहा जी’ म्हणायचो. बोलायला ते ठीक, पण आराखड्यात चालत नाही. एसटीएम-64 ओटीएनच्या (फायबरच्या मोठ्या जाळ्यांच्या आणखी एका पद्धतीच्या) वेष्टणात घातलं की फायबरवर 10.709 गिगाबिट होतात, आणि दहा गिगाबिटचं इथरनेट फायबरवर 10.3125 नं धावतं. सगळ्यांना ‘दहा जी’च म्हणतात. मोबाइलच्या 5जी मधला ‘जी’ तर पिढीचा, त्याचा गिगाबिटशी संबंध नाही.

भुसावळहून प्रतिसाद

नाना, याला ‘वेग’ म्हणावं का ‘दर’? पेपरात सगळीकडे इंटरनेटचा वेगच असतो.

उत्तर

‘दर’च म्हणावं. प्रकाश काचेतून सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, मग जोडणी दोन मेगाबिटची असो वा दहा गिगाबिटची. जळगावहून भुसावळपर्यंतची 25 किलोमीटर तो साधारण 125 मायक्रोसेकंदात कापतो. एसटीएमच्या एका चौकटीलाही नेमके 125 मायक्रोसेकंदच लागतात. म्हणजे चौकटीचा शेवटचा बिट जळगाव सोडतो तेव्हा पहिला तुमच्या भुसावळला टेकत असतो. ती अख्खी चौकट त्या क्षणी वाटेवरच्या काचेत पसरलेली असते! एसटीएम-64 ची चौकट तेवढ्याच लांबीत पसरते, फक्त तिच्यात 64 पट बिट दाटलेले असतात. वेग तोच राहिला, दर वाढला. शिवाय ‘दर’ या शब्दात ‘प्रत्येक’ हाही अर्थ आहे, तो इथे चपखल बसतो.

यावल

मग नाना, ग्रामसभेच्या वहीत काय लिहू?

उत्तर

असं लिहा : ‘जोडणीचा दर 100 मेगाबिट दर सेकंदाला. फाइल उतरण्याचा दर, 1024 च्या मापानं, 11.3 मेगाबाइट दर सेकंदाला.’ दोन्हीकडचं ‘दर सेकंदाला’ गाळू नका ताई. ते गेलं की 100 मेगाबिट म्हणजे नुसता एक ढीग उरतो, आणि महिन्याचा डेटा एवढाच का, म्हणून पुढच्या सभेत नवा वाद निघेल.