बाळ हुशार व्हावं म्हणून जनुकं बदलायची? भारतीय म्हणतात, चालेल

मृण्मयी_के
अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या संस्थेची 20 देशांतली पाहणी 2020 मध्ये आली होती. बाळाची जनुकं गंभीर आजारासाठी बदलायला अनेक देशांत पाठिंबा, पण हुशारी वाढवायला जवळपास सगळीकडे नकार. निम्म्याहून जास्त लोक त्यालाही 'चालेल' म्हणाले असा देश एकच, आपला. मला धसकाच बसला. सोनोग्राफी हाती आल्यावर आपण काय केलं? महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली 1991 मध्ये 946 होत्या, 2011 मध्ये 894. गर्भलिंगनिदानाविरुद्ध 1994 चा कायदा असूनही! पिढ्यान्पिढ्या उतरणारा बदल आजारासाठीसुद्धा नको, कारण एकदा दार उघडलं की उद्या गोरा रंग मागतील.

सातपुडा
ताई, 'आजारासाठीसुद्धा नको' हे अजिबात पटत नाही. आमच्या नंदुरबारकडे सिकलसेलचे, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचे, पेशंट गावोगाव आहेत. माझ्या पुतण्याला त्रास सुरू झाला की गुडघे पोटाशी घेऊन रात्रभर कण्हतो, रक्त चढवायला न्यावं लागतं. सगळं एका जनुकातलं एक अक्षर चुकल्यामुळे. गैरवापर झाला म्हणून सोनोग्राफी बंद केली का आपण?

निनाद_पुणे
तुमच्या पुतण्याच्या स्वतःच्या रक्तपेशी दुरुस्त करायला कोणाचाच विरोध नाही. कॅसजेव्ही या सिकलसेलवरच्या जनुक-दुरुस्तीच्या उपचाराला ब्रिटन-अमेरिकेत 2023 मध्ये मान्यता मिळाली, आणि तो बदल मुलांत उतरत नाही. भ्रूणात केलेली चूक मात्र नातवंडांपर्यंत जाऊ शकते. चीनच्या हे जियानक्वे नावाच्या शास्त्रज्ञानं 2018 मध्ये जुळ्या मुलींच्या भ्रूणात सीसीआर5 हे, एचआयव्हीला पेशीत शिरायला मदत करणारं जनुक बदललं, कारण वडिलांना एचआयव्ही. संसर्ग टाळायला सोपे उपाय होते, तरी! तीन वर्षांची कैद झाली त्याला. आईवडील दोघं वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसून प्रत्येकाकडे सदोष जनुकाची एक प्रत असली, तरी दर खेपेला बाळाला आजाराची शक्यता चारात एक. आयव्हीएफ करून भ्रूण तपासा, निरोगी निवडा. जनुकाला हात कशाला लावायचा?

सातपुडा
आणि नवरा-बायको दोघंही पेशंट असतील तर? प्रत्येक भ्रूणात आजार असणारच, निवडणार काय? कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर, ती आमच्या पाड्यावर कोण भरणार?

मृण्मयी_के
अशा जोडप्यांचं दुःख मोठं आहे. पण दात्याचं बीज घेता येतं, मूल दत्तक घेता येतं. आणि भ्रूणातला बदल तरी पाड्यावर फुकट मिळेल का? तोही आधी पुण्या-मुंबईच्या आयव्हीएफ सेंटरांत पैसेवाल्यांनाच मिळणार. आज लग्नाआधी दोघांची सिकलसेल तपासणी आणि वेळेवर हायड्रॉक्सीयुरिया हे त्रास कमी करणारं औषध, एवढं तरी प्रत्येक पाड्यावर पोचवा. त्यासाठी मी तुमच्या बाजूनं भांडेन.

सातपुडा
तपासणी हवीच. पण स्वतःचं मूल हवं म्हणणाऱ्याला 'दत्तक घे' सांगणं, हे मला मान्य नाही.