क्लेरिदिस: तडजोडीचा वकील की वाटणीवर सही करणारा?

जुना मुखत्यार

वकील राजकारणात आला की त्याचं काय होतं, या विषयावर आपली गाडी गांधी, जिना, आंबेडकर या नावांपाशीच थांबते. म्हणून आज मुद्दाम लांबचा माणूस घेतो. ग्रीक आणि तुर्की अशा दोन समाजांच्या सायप्रस बेटाचे ग्लाफ्कोस क्लेरिदिस.

जन्म १९१९, निकोसिया. वडील इओआनिस हेही नावाजलेले वकील. दुसऱ्या महायुद्धात पोरगा ब्रिटिश हवाई दलात भरती झाला, १९४२ मध्ये जर्मनीवर विमान पाडलं गेलं आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिला. सुटल्यावर लंडनच्या किंग्ज कॉलेजात कायदा, मग ग्रेज इनमधून बॅरिस्टर, आणि १९५१ पासून निकोसियात वकिली. पुढे ज्या ब्रिटिशांसाठी लढला त्यांच्याच विरुद्ध एओका या सशस्त्र संघटनेत टोपणनावाने काम केलं आणि पकडलेल्या पोरांची वकीलपत्रंही घेतली. १९६० मध्ये बेट स्वतंत्र झालं तेव्हा संसदेचे पहिले अध्यक्ष हेच. १९९३ ते २००३ राष्ट्राध्यक्ष. २०१३ मध्ये गेले.

माझं म्हणणं सरळ आहे. ग्रीक सायप्रियट पुढाऱ्यांमध्ये वकिलासारखा विचार करणारा हा एकच होता. सरकारी वकील असो की आरोपीचा, कसलेल्या वकिलाला पहिल्या दिवशीच कळतं की आपल्या पक्षकाराला सगळं मिळणार नाही. पहिले राष्ट्राध्यक्ष मकारिओस आर्चबिशप होते, त्यांना हे कधी उमगलं नाही. १९६८ मध्ये तुर्की सायप्रियटांशी बोलणी सुरू झाली तेव्हा पलीकडच्या खुर्चीवर राउफ देंक्ताश होते. तेही लंडनचेच बॅरिस्टर. एओकाच्या काळात देंक्ताश सरकारी वकील आणि क्लेरिदिस बचावाचे, तेव्हापासूनची ओळख. त्या वाटाघाटींत तुर्की बाजू नकाराधिकारासारख्या मोठ्या गोष्टी सोडायला तयार झाली होती. बदल्यात स्थानिक कारभारात स्वायत्तता हवी होती. मकारिओसनी ताणून धरलं. १९७४ मध्ये बंड झालं, तुर्की फौज उतरली आणि बेट दुभंगलं, त्याच्या मानाने तो सौदा सोन्याचा होता.

बोला.

तिखटजाळ

मुखत्यारसाहेब, अशिलाची बाजू छान मांडलीत. आता उलटतपासणी.

१९६३ चा डिसेंबर तुम्ही गाळलात. ३० नोव्हेंबरला मकारिओसनी राज्यघटना बदलायचे तेरा मुद्दे पुढे केले, तीन आठवड्यांत निकोसियात गोळीबार सुरू झाला, तुर्की वस्त्यांमधून माणसं घरदार टाकून पळाली. त्या आधी गृहमंत्री योर्काजिस यांनी 'अक्रितास' नावाची गुप्त संघटना उभी केली होती. तिच्या वरच्या वर्तुळात क्लेरिदिस यांचं नाव घेतलं जातं. तेव्हा ते कुठल्या पक्षकाराचे वकील होते? संसदेचे अध्यक्ष होते ना? मग तुर्की खासदार बाहेर पडल्यावर त्यांच्याशिवाय सभागृह चालवलं कोणी?

दुसरं, १९७६. 'डिसी' हा पक्ष काढला तेव्हा बंडवाल्यांच्या गोटातली कित्येक मंडळी त्यात येऊन बसली. ज्या लोकांनी १५ जुलै १९७४ ला अथेन्सच्या लष्करशहांच्या जिवावर मकारिओसना उलथवलं, निकोस साम्पसनसारख्याला आठ दिवसांचा राष्ट्राध्यक्ष केलं आणि तुर्की फौजेला निमित्त पुरवलं, त्यांना छत्री कोणी धरली? पहिल्या निवडणुकीत २७ टक्क्यांच्या आसपास मतं मिळूनही पक्षाला एकही जागा मिळाली नाही. लोकांना सगळं दिसत होतं.

जुना मुखत्यार

जागा मिळाली नाही याचं कारण त्या वेळची मतदानपद्धत. बाकीचे पक्ष एकत्र येऊन लढले, म्हणून चौथा हिस्सा मतं वाया गेली. त्याला जनतेचा न्याय म्हणता येणार नाही.

आणि बंडवाल्यांना पक्षात घेतलं याचं समर्थन मी करीन. तिखटजाळराव, ती माणसं रानात बंदुका घेऊन बसलेली बरी की मतपेटीपाशी? मकारिओसनी स्वतः परतल्यावर त्यांना माफी जाहीर केली होती.

रेवदंड्याची

मध्येच तोंड घालते, पण ही गोष्ट या चर्चेत कुणी तरी सांगायलाच हवी. क्लेरिदिस यांच्या पत्नी लीला एरुलकर. हो, एरुलकर. मुंबईचे डॉ. अब्राहम एरुलकर यांची मुलगी, आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजातली. डॉ. एरुलकरांनी गांधीजींवर उपचार केले होते. त्याच घराण्यातले डेव्हिड एरुलकर १९१६ च्या खटल्यात जिनांबरोबर टिळकांच्या बाजूने उभे राहिले. लीलाबाई बीबीसीत काम करत, १९४७ मध्ये लंडनला लग्न झालं. त्यांची मुलगी केटी पुढे सायप्रसच्या संसदेत निवडून आली.

रायगडात अजून बेने इस्राएलांची जुनी घरं आणि सिनेगॉग आहेत. आमच्याकडे मराठी बोलणारे, नऊवारी नेसणारे हे ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली. त्यातल्याच एका घरची लेक दहा वर्षं निकोसियाच्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी होती. एरवी आपण कोण कुठला मराठी माणूस कुठे नगरसेवक झाला तरी पेढे वाटतो, ही गोष्ट कशी निसटली कोण जाणे.

आडवा प्रश्न

ताई, माहिती झकास. पण सासरा गांधीजींचा डॉक्टर असला म्हणून जावई अहिंसावादी ठरत नाही :)

रेवदंड्याची

मी तरी कुठे म्हटलं? माहिती दिली. तुमचं चालू द्या.

तिखटजाळ

मी जिनिव्हावर येतो, कारण तिथे 'वाटाघाटीचा बादशहा' ही उपाधी तपासता येते.

२३ जुलै १९७४ ला साम्पसन पडला. घटनेप्रमाणे संसदेचे अध्यक्ष म्हणून क्लेरिदिस हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले. ऑगस्टमध्ये जिनिव्हात दुसरी परिषद. तुर्की परराष्ट्रमंत्री तुरान ग्युनेश यांनी बेटाचा तिसऱ्या भागाहून जास्त हिस्सा तुर्की कारभाराखाली द्या म्हणून आराखडा टेबलावर टाकला आणि तिथल्या तिथे होकार मागितला. क्लेरिदिस म्हणाले, अथेन्स आणि निकोसियाला विचारायला मला ३६ ते ४८ तास द्या. ग्युनेश नाही म्हणाले. अंकाराला फोनवरून सांकेतिक निरोप गेला, 'आयशे सुट्टीवर जाऊ दे.' आयशे म्हणजे ग्युनेश यांची मुलगी. १४ ऑगस्टला पहाटे रणगाडे हलले. दोन दिवसांत बेटाचा ३६ टक्क्यांहून जास्त भाग गेला, फामागुस्ता गेलं, मोर्फू गेलं.

वकिलाने तारीख मागितली आणि समोरच्याने घरात घुसून ताबा घेतला. कोर्ट नसलेल्या जागी वकिली चालत नाही.

जुना मुखत्यार

यात त्यांचा दोष काय? हातात लष्कर नाही, अथेन्सचे लष्करशहा नुकतेच कोसळलेले, ब्रिटन बेटाच्या स्वातंत्र्याचा हमीदार असूनही हात बांधून बसलेला, किसिंजर वॉशिंग्टनहून फोनवर. त्या टेबलावर मकारिओस असते तर तेच झालं असतं. निदान या माणसाने तिथल्या तिथे अर्धं बेट लिहून दिलं नाही.

डेकवरून

मी बोटीवर आहे. लिमासोलच्या एका जहाज व्यवस्थापन कंपनीमुळे त्या बेटावर बरंच जाणं होतं. निकोसियात लेद्रा स्ट्रीट म्हणून आपल्या लक्ष्मी रोडसारखा बाजाररस्ता आहे. चपलांची दुकानं, आइस्क्रीम, पोरांचे घोळके, आणि चालता चालता मध्येच पासपोर्ट तपासायची खिडकी. मग रिकाम्या, खिडक्या बुजवलेल्या इमारतींची गल्ली, मग दुसरी खिडकी, आणि पुढे लिरा घेणारं दुकान. हा मार्ग २००८ मध्ये उघडला. त्याआधी २००३ च्या एप्रिलमध्ये जवळच लेद्रा पॅलेसपाशी पहिली वाट उघडली तेव्हा लोक तासन्तास रांगेत उभे होते, जुनी घरं बघायला.

तिथले म्हातारे दुकानदार क्लेरिदिसना फक्त 'ग्लाफ्कोस' म्हणतात. शिव्या देतानाही.

आणखी एक. १९७४ मध्ये निकोसियाचा विमानतळ तुर्की आणि ग्रीक दोन्ही फौजांना हवा होता. संयुक्त राष्ट्रांच्या फौजेने तो स्वतःच्या ताब्यात घेतला आणि दोघांनाही आत येऊ दिलं नाही. त्या फौजेचे प्रमुख आपले लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद. विमानतळ आजही ओसाड आहे. बोलण्यांच्या बैठका त्याच आवारात व्हायच्या.

आडवा प्रश्न

मला दोघांचंही अर्धंच पटतं. खरा वाद १९७५ चा आहे, त्याला कोणी हात लावला नाही.

२ ऑगस्ट १९७५, व्हिएन्ना. क्लेरिदिस आणि देंक्ताश यांच्यात ठरलं की दक्षिणेतल्या तुर्की सायप्रियटांना हवं तर उत्तरेला जाऊ द्यायचं, आणि उत्तरेत राहिलेल्या ग्रीकांना तिथेच सुखाने राहू द्यायचं, शाळा, दवाखाना, पाद्री सगळं पुरवायचं. पहिला भाग झटक्यात अमलात आला. संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली तुर्की कुटुंबं बोचकी घेऊन उत्तरेला गेली. दुसरा भाग कागदावर राहिला. कार्पास द्वीपकल्पातल्या ग्रीकांची संख्या हजारोंवरून काही शेकड्यांवर आली.

म्हणजे भांडणात जमिनीची वाटणी बंदुकीने झाली आणि माणसांची वाटणी क्लेरिदिस यांच्या सहीने. त्या माणसांना अडकवून ठेवणं क्रूर होतं हे मान्य. सही केली नसती तर ती तंबूत कुजली असती हेही मान्य. पण मुखत्यार ज्याला तडजोड म्हणतात तिचा हिशेब असा निघतो.

तिखटजाळ

+१. आणि वर्षाच्या आत देंक्ताशना आपले प्रस्ताव आधी दाखवायचे असं गुपचूप कबूल करून बसले. ते फुटलं तेव्हा वाटाघाटीची खुर्ची सोडावी लागली आणि तिथे तासोस पापादोपुलोस आले. मित्रावर भरवसा टाकायचा असतो हो, समोरच्या वकिलावर नाही.

जुना मुखत्यार

मला वाटलंच होतं मैत्रीवर येणार.

५ डिसेंबर २००१. ब्याऐंशी वर्षांचे क्लेरिदिस बेटाचे दोन भाग करणारी हिरवी रेषा ओलांडून उत्तरेचे नेते देंक्ताश यांच्या घरी जेवायला गेले. १९७४ नंतर उत्तरेत पाऊल टाकणारे पहिले ग्रीक सायप्रियट नेते. त्याच महिन्याच्या शेवटी देंक्ताश यांनी परतभेट दिली, तेही यांच्या घरी जेवले. या दोन जेवणांमधून लगेच करार निघाला नाही. पण जानेवारी २००२ पासून समोरासमोर बोलणी सुरू झाली, आणि दीड वर्षाच्या आत देंक्ताशनाच रेषेवरची फाटकं उघडावी लागली. बेपत्ता माणसांचंही तसंच. ३१ जुलै १९९७ ला या दोघांनी दफनाच्या जागांची माहिती एकमेकांना द्यायचं कबूल केलं. दोन्ही बाजूंचे मिळून बेपत्ता २००२ जण, आज त्यातल्या हजारावर माणसांची हाडं ओळख पटवून घरच्यांच्या हाती दिली गेली आहेत. प्रत्यक्ष उकरणं बऱ्याच वर्षांनी सुरू झालं, तेव्हा क्लेरिदिस सत्तेत नव्हते. तरी कागद त्यांचा.

आणि युरोपीय संघ? डिसेंबर १९९९ मध्ये हेलसिंकीला ठरलं की बेटाचा तंटा सुटणं ही सायप्रसच्या प्रवेशाची अट नाही. हे अथेन्सच्या सिमितिस सरकारबरोबर मिळून क्लेरिदिसनी पदरात पाडून घेतलं. बोलणी करायला नेमलं कोणाला? जॉर्ज व्हासिलिऊ यांना, ज्यांना १९९३ मध्ये जेमतेम दोन हजार मतांनी हरवलं होतं. हरलेल्या प्रतिस्पर्ध्याला असं काम देणारा राष्ट्राध्यक्ष दाखवा.

तिखटजाळ

१९९३ काढलंतच. व्हासिलिऊंनी संयुक्त राष्ट्रांच्या, तोडग्याच्या घाली आराखड्यावर बोलणी चालवली होती. क्लेरिदिसनी त्याच आराखड्याला विरोध करून कडव्या पक्षाची मतं मिळवली आणि खुर्ची गाठली. पुढे १९९७ मध्ये रशियाकडून एस-३०० क्षेपणास्त्रं मागवली, तुर्कस्तानने उडवून देऊ म्हटल्यावर १९९८ च्या अखेरीला ती क्रीटला वळवायचं ठरवलं. पैसा सायप्रसचा, क्षेपणास्त्रं ग्रीसच्या बेटावर. सोबतचा समाजवादी पक्ष सरकारातून बाहेर पडला. याला धोरण म्हणायचं?

आडवा प्रश्न

क्षेपणास्त्रं सोडा. हेलसिंकीचं बघा, कारण मुखत्यार ज्याला सर्वांत मोठं यश म्हणतात तिथेच मला खोट दिसते.

प्रवेशाची अट काढून टाकली, म्हणजे ग्रीक सायप्रियटांना तोडगा नाकारायची मोकळीक मिळाली. २४ एप्रिल २००४ ला बेट पुन्हा जोडायच्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्नान आराखड्यावर दोन्हीकडे मतदान झालं. तुर्की बाजूने ६५ टक्के 'हो'. ग्रीक बाजूने ७६ टक्के 'नाही'. आठवड्याने, १ मे ला, ग्रीक बाजूचा सायप्रस युरोपीय संघात गेला. 'नाही' म्हणून त्यांचं काय बिघडलं? काहीच नाही. ही सोय हेलसिंकीत झाली होती. तुमच्या वकिलाने पक्षकाराला हुकूमनामा आधीच मिळवून दिला, मग तो तडजोडीवर सही कशाला करेल?

जुना मुखत्यार

हा मुद्दा वजनदार आहे, पण अर्धवट आहे. ती अट राहिली असती तर चावी देंक्ताश यांच्या खिशात राहिली असती. त्यांना तोडगा नकोच होता, सायप्रस कायम दारात उभा राहिला असता. कडी काढल्यामुळेच २००२-०३ मध्ये उत्तरेत लोक हजारोंनी देंक्ताश यांच्या विरोधात रस्त्यावर आले, कारण आपण मागे राहणार हे त्यांना दिसलं.

आणि २००४ मध्ये क्लेरिदिस कुठे होते? पंच्याऐंशीव्या वर्षी, त्यांच्या वाढदिवसालाच ते मतदान होतं, उघडपणे 'हो' म्हणत होते. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पापादोपुलोस टीव्हीवर रडवेले होऊन 'नाही' सांगत होते. स्वतःच्या पक्षातले कित्येक फुटले तरी म्हाताऱ्याने भूमिका बदलली नाही.

तिखटजाळ

खुर्ची गेल्यावर 'हो' म्हणणं फुकट असतं. फेब्रुवारी २००३ मध्ये आणखी सोळा महिने द्या, तोडगा काढून जातो, असं सांगून निवडणूक लढवली. लोकांनी पहिल्याच फेरीत पापादोपुलोस यांना निवडलं. क्लेरिदिस यांचाच ॲटर्नी जनरल मार्किदिस वेगळा उभा राहिला होता. दहा वर्षं हातात होती तेव्हा ग्रीक सायप्रियटांना एकदा तरी सांगितलं का, की सगळे निर्वासित सगळ्या घरांत परतणार नाहीत? देंक्ताश यांच्या जेवणाच्या टेबलावर ते बोलत असतील. आपल्या माणसांपुढे, चौकात, नाही.

डेकवरून

हे मात्र बरोबर. तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून मी हेच ऐकलंय, फक्त ते पुढे म्हणतात की इतर कोणी तेवढंही बोलला नाही.

रेवदंड्याची

मुखत्यारकाका, यावर उत्तर द्या. मला खरंच ऐकायचंय.

जुना मुखत्यार

देतो. चौकात बोलायला हवं होतं, १९९३ ला तर नक्कीच. पण तेव्हा बोलले असते तर दोन हजार मतांनी व्हासिलिऊ जिंकले असते, आणि व्हासिलिऊ, ज्यांना बोलायची हौस होती, तेही त्या आराखड्यासकट पडलेच ना? क्लेरिदिस निवडून आले म्हणून दहा वर्षांनी एक कागद टेबलावर आला, जो उत्तरेने स्वीकारला. तो दक्षिणेने फेकला याचं बिल त्यांच्या नावावर लावायचं असेल तर ७६ टक्के मतदारांचं नाव त्यांच्या आधी लिहा.

आडवा प्रश्न

मतदाराला पक्षकार म्हणायचं तर मतदार चुकला असं वकील म्हणू शकत नाही, मुखत्यार. तुमच्याच धंद्याचा नियम.