मदत हवी आहे: शट डाउन केलेले पीसी लॅनवरून सुरू होत नाहीत

नमस्कार मंडळी,

गिरगावातल्या आमच्या चाळीत मंडळाची अभ्यासिका आहे. घरात पाय पसरायला जागा नाही अशी मुलं पहाटेपासून सराव परीक्षा द्यायला येतात. पीसी माळ्यावर आहेत आणि सकाळी दार उघडणाऱ्या काकांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. मुलं येईपर्यंत पीसी चालू होऊन अपडेट उरकलेले असावेत, म्हणून काकांना खालच्या ऑफिसातूनच सगळे सुरू करता यायला हवेत.

बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वेक-ऑन-लॅन, म्हणजे नेटवर्कवरून पीसी उठवायची सोय, चालू केलंय, विंडोज १० च्या डिव्हाइस मॅनेजरमध्येही परवानगी दिलीये. माळ्यावरच्या लॅपटॉपवरून मॅजिक पॅकेट (पीसीला उठवणारा छोटा संदेश) पाठवलं की स्लीपमधला पीसी लगेच उठतो. शट डाउन केलेला मात्र ढिम्म. त्याच्या मागच्या लॅन पोर्टचा दिवाही विझलेला असतो. ऑफिसातून पाठवलं तर स्लीपमधलासुद्धा उठत नाही. माळ्यावर वेगळा राउटर आहे, खालची वायर त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरच्या नेटवर्कसाठीच्या पोर्टात) जाते. कुठे अडतंय?

प्रतिसाद
दिव्यावरूनच कळतंय. पीसी बंद असला तरी एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन चालू ठेवतो. तेवढ्यावर लॅन कार्ड जागं राहून येणारी पॅकेट्स बघत बसतं. मॅजिक पॅकेटमध्ये आधी एफएफ हा बाइट ६ वेळा, मग त्या कार्डाचा मॅक पत्ता (त्याचा ६ बाइटांचा ओळखक्रमांक) लागोपाठ १६ वेळा, असे १०२ बाइट असतात. आपला पत्ता ओळखला की कार्ड मदरबोर्डला इशारा देतं. पॅकेट ओळखण्याच्या या कामात प्रोसेसरचा, विंडोजचा काही संबंध नाही. म्हणूनच दिवा विझला की सगळंच संपलं.

बायोसमध्ये 'ईआरपी' शोधा आणि डिसेबल करा. बंद यंत्राने अगदी नाममात्र वीज घ्यावी या युरोपीय नियमासाठी तो पर्याय असतो, आणि तो कार्डाचीच वीज तोडतो. मग पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप काढा. ते चालू असेल तर विंडोज ८ पासून शट डाउन म्हणजे खरं तर अर्धवट हायबरनेट (चालू स्थितीचा काही भाग डिस्कवर जपून बंद होणं) असतं, आणि त्या अवस्थेत विंडोज कार्डाला वेकसाठी तयार ठेवत नाही.

प्रतिसाद
ऑफिसचं कोडं वेगळं आहे. मॅजिक पॅकेट ब्रॉडकास्टने, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकदम, जातं आणि ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही. माळ्यावरच्या राउटरला खालच्या नेटवर्कमधला रिकामा आयपी पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ते वाटणं) बंद करा आणि वायर वॅनमधून काढून लॅन पोर्टात लावा. मग तो नुसत्या स्विचसारखा चालेल आणि खाली-वर एकच नेटवर्क होईल.

धागाकर्ता
मनापासून आभार! दिवा आता टिकतो, ऑफिसातून पीसी उठतात. पण रात्री मंडळाच्या नियमाप्रमाणे माळ्याचा मेन स्विच बंद होतो. वायरिंग जुनं, माळा लाकडी. तो नियम मला मोडायचा नाही. सकाळी मेन चालू केल्यावर काही पीसी पॅकेटला दाद देत नाहीत.

प्रतिसाद
नियम मोडूच नका. मेन तुटला की स्टँडबायही जाते, आणि वीज परत आल्यावर बऱ्याच मदरबोर्डांवर एकदा पीसी सुरू होऊन नीट बंद होईपर्यंत कार्ड वेकसाठी तयार होत नाही. तुमच्याकडे पॅकेटची गरजच नाही. बायोसमध्ये 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' अशा नावाचा पर्याय असतो, तो 'पॉवर ऑन' करा. मेन स्विच खाली असेल तर काकांनी तो चालू करताच सगळे पीसी आपोआप सुरू होतील. दिवसा लाइट जाऊन आली तरी होतील, तेवढं काकांना सांगून ठेवा.

जुन्या पीसींचे मदरबोर्डवरचे सीआर२०३२ सेलही बघा. सेल उतरला असेल तर रात्री मेन बंद होताच बायोसची सेटिंग्ज पुसली जातात. सकाळी ज्या पीसीचं घड्याळ आणि तारीख चुकलेली दिसेल, त्याचा सेल आधी बदला.