निकाल राखून ठेवलाय, महिने गेले. न्यायाधीशांचा पगार अडवायचा कायदा विधानसभा करू शकते का?

बांधकरी_मोहोळ:
नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या कोर्टात आमचा बांधाचा दावा आहे. कोणतं कोर्ट ते लिहीत नाही, निकाल अजून यायचाय. दोन्हीकडचे युक्तिवाद मेच्या सुट्टीआधी संपले. आता दिवाळीचे आकाशकंदील उतरले तरी बोर्डावर दर तारखेला तेच: 'निकालाकरिता'. वकील म्हणतात थांबा. शेजारी काही थांबत नाही. यंदा त्यानं तूर आमच्या हद्दीत पेरली.

माझी मेहुणी कॅलिफोर्नियात असते. ती म्हणाली, तिकडे न्यायाधीशानं ९० दिवसांत निकाल दिला नाही तर त्याला पगारच मिळत नाही, आणि हे राज्याच्या घटनेतच लिहिलंय. परवा आमदार गावात आले होते, त्यांच्या कानावर घातलं. 'अधिवेशनात मांडतो' म्हणाले. खरंच मांडता येईल का? पगार तर राज्य सरकारच देतं ना?

चादरवाला:
मांडाच. आमच्या कारखान्यात मागावरचा कामगार खाडा करतो तर त्या दिवसाची मजुरी जाते. यांना अडीच लाख पगार, बंगला, गाडी, वर मेची सुट्टी. आणि विचारणार कुणी नाही.

रोजनामा:
मी कोर्टातून सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. त्याआधी बरीच वर्षं साहेबांच्या पुढ्यात बसून रोजनामा, म्हणजे दर तारखेला दाव्यात काय झालं त्याची नोंद, लिहिला, म्हणून हे नाव.

आधी कॅलिफोर्निया. मेहुणीबाई बरोबर सांगतात. तिथल्या राज्यघटनेत सहाव्या अनुच्छेदाचं कलम १९ तेच आहे. 'माझ्याकडे सोपवलेलं कुठलंही प्रकरण ९० दिवसांवर पडून नाही' असं शपथपत्र न्यायाधीशानं दिल्याशिवाय पगार निघत नाही. पण ९० दिवस मोजायचे कधीपासून? प्रकरण निकालासाठी सोपवलं गेलं तिथपासून. आणि ते सोपवणं कारण लिहून मागे घेता येतं. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. आपल्याकडे असा कायदा आला तर एकोणनव्वदाव्या दिवशी रोजनाम्यात एक ओळ पडेल, 'काही मुद्द्यांवर खुलासा आवश्यक, फेरयुक्तिवादासाठी ठेवले'. पगार चालू, आणि शेजाऱ्याची तूर तुमच्या रानात आहे तशीच. अशा ओळी साहेबांनी सांगितल्या आणि मी लिहिल्या. काही वेळा खुलासा खरोखरच हवा असायचा, काही वेळा नसायचा. रोजनाम्यावरून ते कुणाला ओळखता येणार नाही.

आता आपलं. पैसा राज्याच्या तिजोरीतून जातो, पण लगाम राज्य सरकारच्या हातात नाही. घटनेच्या अनुच्छेद २३५ नुसार जिल्हा आणि तालुका कोर्टांवरचं नियंत्रण उच्च न्यायालयाकडे आहे. विधिमंडळ सेवाशर्तींचा कायदा करू शकतं, राज्यपाल नियम करू शकतात. पण अमुक साहेबांची चौकशी करायची की नाही, वेतनवाढ रोखायची की नाही, हे उच्च न्यायालय ठरवतं. 'निकाल नाही तर पगार नाही' असा कायदा मुंबईत झालाच, तर तो पहिल्याच आव्हानात याच अनुच्छेदावर अडकेल, असं माझं मत. आमदारांचं म्हणाल तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या कामकाजातल्या वर्तनावर सभागृहात चर्चाच करता येत नाही, अनुच्छेद २११. तालुक्याचे साहेब त्यात येत नाहीत. पण चालू दाव्याचं नाव घेतलं की अध्यक्ष खाली बसवतील.

चादरवाला, अडीच लाख हा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या मूळ वेतनाचा आकडा आहे. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाचं मूळ वेतन ७७,८४० पासून सुरू होतं, जिल्हा न्यायाधीशाचं १,४४,८४० पासून. हे आकडे मंत्रालयानं ठरवलेले नाहीत. न्या. वेंकटराम रेड्डी आयोगाची ही वेतनश्रेणी सर्वोच्च न्यायालयानं २०२२ च्या जुलैत मान्य केली आणि १ जानेवारी २०१६ पासून लागू करायला लावली. आणि खाडा झाला की मजुरी कापायची हे इथे चालवलं तर काय होईल? उद्या सरकारविरुद्ध निकाल देणाऱ्या साहेबांचा पगार कोण अडवेल, ते सांगायला नको.

विचारणारं कुणी नाही, हेही पूर्ण खरं नाही. राज्याच्या नागरी सेवांच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत ठपका आहे, वेतनवाढ रोखणं आहे, सक्तीची निवृत्ती आहे, बडतर्फी आहे. २०२४ च्या डिसेंबरात साताऱ्याच्या एका जिल्हा न्यायाधीशांवर लाचेचा गुन्हा दाखल झाला. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयानं त्यांना घरी पाठवलं. मात्र निकाल चुकला एवढ्यावर कारवाई होत नाही. कृष्ण प्रसाद वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. चुकीच्या निकालाला अपील असतं. रखडलेल्या निकालाला अपीलही नसतं, खरी गोची तिथे आहे.

माझं एक गाऱ्हाणं आहे. तक्रार करणाऱ्याला पुढे काय झालं ते धड कळत नाही. कायदा करायचाच तर त्यासाठी करा: अर्ज कुठे पोचला, काय ठरलं, दोन ओळींत लेखी उत्तर. पगाराला हात न लावता एवढं होऊ शकतं.

काळा_कोट_जुळे_सोलापूर:
काका, तुम्ही मुदतीचं राहूनच गेलात. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २० नियम १. युक्तिवाद संपल्यावर निकाल शक्यतो लगेच, नाही तर ३० दिवसांत. अगदीच असाधारण कारण असेल तर साधारणपणे ६० दिवसांपर्यंत, आणि ती तारीख पक्षकारांना कळवायची. म्हणजे मुदत आपल्याकडे कॅलिफोर्नियापेक्षा कडक आहे. फक्त तिला पगाराचा काटा जोडलेला नाही.

बांधकरी, तुमचे वकील थांबा का म्हणतात ते मी सांगते. आम्हाला रोज त्याच साहेबांपुढे उभं राहायचं असतं. त्यामुळे आधी त्याच कोर्टात साधा, नम्र अर्ज द्या, 'निकालाची तारीख निश्चित करावी'. नाहीच झालं तर प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे प्रशासकीय अर्ज. त्यापुढे घटनेच्या अनुच्छेद २२७ खाली, म्हणजे खालच्या कोर्टांवरच्या देखरेखीच्या अधिकारात, उच्च न्यायालय, आणि त्यासाठी आता मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली दावा दुसऱ्या कोर्टात वर्ग करून मागता येतो, पण मी तसं सुचवणार नाही. नवे साहेब आले की युक्तिवाद पुन्हा पहिल्यापासून.

न्यायाधीशांवर गैरवर्तनाची तक्रार करायची तर शपथपत्र आणि तपासता येईल असा पुरावा लागतो. निनावी पत्र पाठवू नका. तुमच्याकडे उशिराशिवाय काही नसेल तर ती वाट धरूही नका. साहेबांकडे दुसऱ्या कोर्टाचा चार्ज असेल, लघुलेखक रजेवर असेल, आणि तुम्ही विनाकारण नावानिशी अडकाल.

आणि एक सांगा, तूर पेरली म्हणता, मनाई हुकूम आहे की नाही?

बांधकरी_मोहोळ:
मनाईचा अर्ज दाव्याबरोबरच दिला होता, निशाणी ५. पहिल्या साहेबांनी 'मूळ दाव्यासोबत ऐकू' म्हटलं. नंतर त्यांची बदली झाली. पुढे त्याचं काय झालं ते वकिलांनाही नीट आठवेना.

रोजनामा:
मग आमदार राहू द्या. उद्या नक्कल विभागात अर्ज टाका आणि दाखल तारखेपासूनचा अख्खा रोजनामा काढा. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर सीएनआर क्रमांक (दाव्याचा ऑनलाइन ओळख क्रमांक) घातलात तर तारखा दिसतील, पण आतली ओळ नक्कलमध्येच सापडते. निशाणी ५ वर आदेशच झालेला नसेल, तर निकालाची वाट बघत न बसता आधी त्याच अर्जावर आदेश मागता येईल. आदेश झाला असेल आणि शेजाऱ्यानं मोडला असेल, तर मनाई मोडल्याबद्दलच्या कारवाईचा, संहितेतला आदेश ३९ नियम २-अ, ते वकील मॅडम सांगतील. नक्कल आली की त्या ओळी इथे टाका, नावं झाकून.