अमेरिकेच्या कागदपत्रांतला ‘हिंदू’

प्रश्न : गदर चळवळीवरचा, म्हणजे अमेरिकेत गेलेल्या हिंदुस्थानींनी इंग्रज राज्याविरुद्ध उभारलेल्या चळवळीवरचा, एक लेख मराठीत आणतोय. जर्मनीच्या मदतीने इंग्रजांविरुद्ध उठावाचा कट केला म्हणून सॅन फ्रान्सिस्कोत १९१७-१८ साली चाललेल्या खटल्याला तिथे ‘हिंदू-जर्मन कट’ म्हणतात. पण आरोपींत शीखही होते. मराठीत ‘हिंदू’च ठेवायचं का?

प्रतिसाद : खटल्याच्या नावात ठेवा, अवतरणचिन्हांत. त्या काळच्या अमेरिकेत हा शब्द धर्म सांगत नव्हता, मुलूख सांगत होता. ‘इंडियन’ हे नाव कोलंबसाच्या कृपेने तिथल्या मूळ रहिवाशांना आधीच चिकटलेलं. मग आपल्याकडून गेलेला शीख असो, मुसलमान असो, सगळे ‘हिंदू’. ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये गोऱ्यांच्या जमावाने लाकूड गिरण्यांतल्या मजुरांना राहत्या जागांतून ओढून काढलं आणि गाव सोडायला लावलं. हे मजूर बहुतेक पंजाबी शीख, पण वर्तमानपत्रांत ‘हिंदू’च. पुढे १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनेत तर ‘हिंदू’ हा वंश म्हणून नोंदवला जाई!

मराठी वाचकाला हा घोळ चटकन जाणवत नाही. आपल्याला गदरमधले ठाऊक असतात ते वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे. दोघेही जन्माने हिंदू, त्यामुळे शब्द कुठे खटकत नाही.

प्रतिसाद : मुलूख एवढंच म्हणून सोडून देऊ नका. भगतसिंग थिंद यांचा खटला बघा. अमृतसरकडचे शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तेव्हा बाहेरून आलेल्यांत नागरिकत्व मिळे ते ‘गोऱ्या’ माणसाला किंवा आफ्रिकी वंशाच्याला. सुप्रीम कोर्टापुढचा प्रश्नच असा होता, की ‘उच्च जातीचा हिंदू’ गोरा ठरतो का? म्हणजे पगडीवाला शीख, त्याला ‘हिंदू’ म्हणायचं आणि वर जातही लावायची. थिंद यांच्या बाजूनेही आर्य वंश आणि जातीची शुद्धता हाच आधार घेतला होता, हे मला जास्त बोचतं. १९ फेब्रुवारी १९२३ ला न्यायमूर्ती सदरलंड यांनी निकाल दिला : वंशशास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा, म्हणून थिंद गोरे नाहीत. तीनच महिन्यांपूर्वी जपानी ओझावा यांना याच न्यायमूर्तींनी नाकारलं होतं, ते कॉकेशियन, म्हणजे वंशशास्त्राच्या लेखी गोऱ्या वंशाचे, नाहीत म्हणून! थिंदनंतर आधी मिळालेली नागरिकत्वंही काढून घेण्यात आली. तेव्हा या ‘हिंदू’त वंश आणि जात दोन्ही शिरले आहेत.

प्रतिसाद : यात कॅलिफोर्नियातल्या इंपीरियल व्हॅलीचीही भर घाला. गोऱ्या बायकांशी लग्नाला कायदा आडवा, आणि मायदेशातून बायका आणणंही जमेना. तेव्हा पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायका केल्या. या कुटुंबांना ‘मेक्सिकन हिंदू’ म्हणत. बाप शीख किंवा मुसलमान, मुलं बहुधा कॅथलिक, आणि घरात हिंदू औषधालाही नाही.

प्रश्न : मग लेखात इतर ठिकाणी ‘हिंदी’ लिहू? टिळकांच्या काळात ‘हिंदी लोक’ म्हणतच की.

प्रतिसाद : म्हणत, पण आजचा वाचक ते हिंदीभाषक असंच वाचेल. ‘हिंदुस्थानी’ लिहा. गदरवाल्यांच्या वृत्तपत्राचं नावही ‘हिंदुस्तान गदर’च होतं.