विषय: कॅलिफोर्नियातली २८० एसएल घ्यावी का?

नमस्कार मंडळी,
जुन्या गाड्यांचा नाद असलेल्यांना विचारतो. कॅलिफोर्नियात १९७० ची मर्सिडीज २८० एसएल विकायला आहे, ती इथे ब्रिटनमध्ये आणायचा विचार आहे. कापडी हूड आणि वर मधे खोलगट असलेलं ते कडक छत, म्हणजे ‘पॅगोडा’च. जाहिरातीत ‘पूर्ण रिस्टोअर्ड’ लिहिलंय. शिवाय मूळचा ऑटोमॅटिक काढून आधुनिक ५-स्पीड गिअरबॉक्स बसवलाय. वाहतूक, विमा धरून १ लाख पौंडांच्या घरात जाते. तिथला मित्र बघून आला. म्हणतो, दारांना लोहचुंबकच चिकटत नाही, आत नुसती पुट्टी असणार. नाद सोडावा का?
– मिलिंद, रेडिंग

मिलिंद,
मित्राला म्हणावं, चुंबक दारांवरून काढ. पॅगोडाची दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण कंपनीनेच अ‍ॅल्युमिनियमचं केलंय. तिथे चुंबक चिकटलं असतं तर मी घाबरलो असतो! बाकीचा सांगाडा पोलादी, आणि गंज धरतो तो तिथेच. गाडी लिफ्टवर चढवून दारांखालच्या सिल, फ्लोअर, जॅक लावायच्या जागा आणि डिकीतला स्पेअर चाकाचा खड्डा बघायला सांग. पुढच्या मडगार्डच्या कडेला कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल खळगे दिसायला हवेत. तिथे गुळगुळीत असेल तर पत्रा बदललाय किंवा झाकलाय. चकचकीत रंग कोणीही मारतो रे, पत्राकामाचे फोटो किती जण ठेवतात?
नंबरही जुळव. २८० एसएलचा चासी नंबर ११३.०४४ ने सुरू होतो, इंजिनाचा १३०.९८३ ने. कंपनीचं डेटा कार्ड माग. मूळ इंजिन नंबर, रंग, गिअरबॉक्स सगळं त्यावर असतं.
– सुधीर काका, हॅरो

मिलिंद, काका,
माझं काम आयातीच्या कागदपत्रांचं आहे, म्हणून मधे बोलते. पत्र्याइतकीच मला त्या गिअरबॉक्सची धास्ती वाटते. ३० वर्षांहून जुनी, मॉडेल बंद झालेलं आणि मूळ स्थितीतली गाडी इथे ‘ऐतिहासिक’ धरली जाते. तिला ड्यूटी शून्य आणि व्हॅट फक्त ५ टक्के, म्हणजे तुमच्या १ लाखावर ५ हजार. डागडुजी, रंग, रिस्टोरेशन चालतं. पण इंजिन, स्टिअरिंग, ब्रेक असल्या मोठ्या गोष्टी बदलल्या असतील तर कस्टम्स नाही म्हणू शकतं. मग १० टक्के ड्यूटी आणि ड्यूटीसकट रकमेवर २० टक्के व्हॅट. १० अधिक २२, एकूण ३२ हजार! जाहिरातीत जे कौतुकाने लिहिलंय तेच इथे महागात पडायचं. पैसे देण्याआधी एचएमआरसीकडून, म्हणजे इथल्या कर खात्याकडून, ‘अ‍ॅडव्हान्स टॅरिफ रुलिंग’ (गाडी कुठल्या वर्गात धरणार याचा आगाऊ लेखी निर्णय) घ्या. फुकट असतं, पण वेळ लागतो.
मूळ अमेरिकन टायटल, म्हणजे मालकीचा कागद, विक्रेत्याच्या हातात असल्याची खात्री करा. जहाजावर चढवण्याच्या ७२ तास आधी ते तिथल्या कस्टम्सला दाखवावं लागतं. गाडी आली की १४ दिवसांत ‘नोव्हा’ची (बाहेरून आणलेल्या गाडीची कर खात्याकडे) नोंद, त्याशिवाय डीव्हीएलए, म्हणजे इथलं वाहन नोंदणी खातं, नंबर देत नाही. तिथले हेडलाइट उजवीकडे झुकतात, तेही बदलावे लागतील.
– अनघा, स्लाऊ

अनघाताई, काका, आभार. विक्रेत्याशी बोललो. जुना ऑटोमॅटिक त्याने पेटीत बांधून ठेवलाय, ‘हवा तर पाठवतो’ म्हणाला. डेटा कार्ड मागितलंय.
– मिलिंद

पेटीतून कशाला? तिथेच, त्याच्याच खर्चाने गाडीत बसवून घे, आणि चालवून दाखवल्याचा व्हिडिओ आल्याशिवाय पुढची बोलणी नको. ५-स्पीड त्याला लखलाभ. तो अडून बसला तर खुशाल दुसरी शोध. ४० वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स नाही, हिस्टॉरिक वर्गात नोंद झाली की लंडनमधे युलेझचं प्रदूषण शुल्कही नाही, तेव्हा मनासारखी मिळाली तर चालवायला स्वस्तच. आणि हो, गणपतीच्या मिरवणुकीला ती मागायला समितीवाले येणार, विमा त्या हिशोबाने काढ.
– सुधीर काका