पंप रूमपासून गेटपर्यंत: आपली बिल्डिंग सांभाळणाऱ्या माणसांचे अनुभव

मागच्या आठवड्यात पहाटे चारला जाग आली, खिडकीतून सहज खाली बघितलं तर आमचे पंपवाले काका टॉर्च घेऊन टाकीजवळ वाकून उभे, एक कान पाइपला लावलेला. मला वाटलं टाकीत काहीतरी पडलंय, तसाच चप्पल घालून खाली गेलो. काका म्हणाले, "काही नाही हो, फूटव्हॉल्व पाणी सोडतोय. ऐका." मी पण कान लावला. पंप बंद होता तरी पाइपमधून बारीक सुर्रर्र आवाज येत होता, म्हणजे पाइपाच्या तळाची ती झडप नीट बंद होत नव्हती आणि पाइपात भरून राहिलेलं पाणी हळूहळू परत टाकीत उतरत होतं. काका सांगत होते की असंच राहिलं तर सहाला पंप चालू केल्यावर तो हवा खाणार, हवा खाल्ली की पाणी वर चढत नाही, आणि पंप कोरडा फिरत राहिला तर आतलं सील जळतं कारण त्याला थंड ठेवायला पाणीच नसतं. मग त्यांनी बादलीने पंपात पाणी ओतलं, हवा निघून जाईपर्यंत थांबले, पुन्हा ओतलं. सहा वाजता सगळ्यांच्या नळाला नेहमीसारखं पाणी आलं. कोणालाही काही कळलं नाही.

अकरा वर्षं राहतोय मी इथे, आणि काका हे रोज करतात का, कधीपासून करतात, हे मला माहीतच नव्हतं. तेव्हापासून डोक्यात आहे की आपण सगळ्यांनी मिळून लिहावं. वॉचमन, हाऊसकीपिंग, प्लंबर, लिफ्टवाले, इलेक्ट्रिशियन, सुपरवायझर, कोणीही. तुम्ही स्वतः जवळून बघितलेलं. चांगलं लिहा, वाईटही लिहा, फक्त कोणाचं नाव किंवा एजन्सीचं नाव नको.

* * *

आमचा लिफ्टचा अनुभव. आई आणि मी पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये अडकलो. लाइट गेले, पंखा बंद, आईला लगेच घाम सुटला आणि श्वास लागल्यासारखं व्हायला लागलं. मी घाबरून दरवाजाच्या फटीत बोटं घालून तो उघडायला बघत होते तेवढ्यात बाहेरून गार्डदादांचा आवाज आला, "ताई, दरवाजाला हात लावू नका, मागे भिंतीला टेकून उभ्या राहा." मग ते तिथून हललेच नाहीत. पहिल्यांदा आईशी बोलले, "मावशी, लिफ्ट हवाबंद नसते, वर-खाली फटी आहेत, हवा येतेय." मग प्रत्येक गोष्ट सांगत राहिले, आता मेकॅनिक गेटवर आला, आता तो वरच्या मशीन रूमचा जिना चढतोय, आता मेन स्विच बंद करतोय, आता थोडा झटका बसेल घाबरू नका. आईचा श्वास त्या बोलण्यानेच जागेवर आला, हे मी आजही ठामपणे सांगते.

नंतर मेकॅनिकला विचारलं की लिफ्ट खाली न जाता वर कशी आली. तो म्हणाला, दुसऱ्या बाजूला जे वजन लटकतं ते नुसत्या लिफ्टपेक्षा जास्त असतं, लिफ्ट जेवढा भार नेऊ शकते त्याच्या साधारण चाळीस ते पन्नास टक्के त्यात धरलेला असतो. म्हणून आत दोनच माणसं असतील तर ब्रेक सोडल्यावर लिफ्ट आपोआप वर सरकते. आणि त्याने हेही सांगितलं की दोर तुटून पडायची भीती लोकांना फार असते, पण दोर एकापेक्षा जास्त असतात आणि वेग वाढला तर लिफ्ट रुळाला पकडून धरणारी वेगळी यंत्रणा असते. खरा धोका अर्धवट उघडलेल्या दारातून उडी मारून बाहेर येण्यात असतो, कारण खाली मोकळी पोकळी असते आणि लिफ्ट मध्येच हलू शकते. म्हणजे दादांनी मला ज्या गोष्टीपासून थांबवलं ती नेमकी तीच.

* * *

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. शिक्षण चालू असताना मी दोन वर्षं सिक्युरिटीत काढली आहेत, नाइट शिफ्ट, बारा तासांची. बारा तास हे कागदावर. सकाळी रिलीवर, म्हणजे आपल्या जागी येणारा पुढच्या शिफ्टचा गार्ड, आला नाही की डबल ड्युटी, आणि तो न येण्याचं काही सांगता येत नाही. एकदा मी सलग छत्तीस तास गेटवर होतो. रात्री एक-दोनपर्यंत काही वाटत नाही, तीन ते पाच हा वेळ फार वाईट, अंगातली ऊब जाते, डोळे उघडे असतात पण समोरचं दिसत नाही. मी त्या वेळात मुद्दाम राउंड घ्यायचो, बसलो की संपलं.

आमच्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी झोपलेल्या गार्डचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि कमिटीने केबिनमधली खुर्चीच काढून घेतली. ज्याचा फोटो होता त्याची ती सलग तिसरी शिफ्ट होती, हे कोणी विचारलं नाही. खुर्ची काढल्यावर माणूस जागा राहत नाही, तो उभ्या उभ्या पेंगतो, एवढाच फरक पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ सालीच रात्रपाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तेच कायम ठेवलं. म्हणजे हे आळसाचं प्रकरण नाही, शरीराचं आहे.

आणि संडास. गार्डला वापरायला कुठला संडास आहे, त्यात रात्री लाइट असतो का, पाणी असतं का, हे एकदा आपापल्या बिल्डिंगमध्ये जाऊन बघा. माझ्या वेळी तो तळघराच्या पार टोकाला होता, जायचं म्हणजे गेट सोडायचं, आणि गेट सोडलं की तक्रार. मी रात्री पाणी पिणं कमी केलं होतं.

* * *

वरचं वाचून आत्ताच खाली जाऊन आलो. खुर्ची आहे. संडासाचा लाइट गेलेला होता, केबिनमधल्या दादांनी सांगितलं महिना झाला. उद्या बसवतोय.

* * *

कचऱ्याबद्दल एकच गोष्ट. आमच्या मावशींच्या तळहातात काच घुसली, तीन टाके. कोणाचा तरी फुटलेला ग्लास तसाच पिशवीत. हातमोजे होते पण पातळ, काचेपुढे त्यांचा काय उपयोग. तेव्हापासून आमच्या घरी काच जाड कागदात गुंडाळायची, चिकटपट्टी लावायची, वर मोठ्या अक्षरात 'काच' लिहायचं आणि पिशवीत न टाकता वेगळं हातात द्यायचं. प्लीज सगळ्यांनी करा.

* * *

मी चार वर्षं सेक्रेटरी होतो. हे लिहायला मला बरीच वर्षं लागली.

ड्रेनेजचं मोठं चेंबर तुंबलं होतं, तळमजल्यावरच्या घरांत पाणी उलटं येत होतं, लोक मला फोनवर फोन करत होते. सफाईसाठी दोन मुलं आली होती, त्यातला एक दोर बांधून उतरायला तयार होता. आमचा सुपरवायझर मध्ये उभा राहिला, म्हणाला "साहेब, माणूस आत जाणार नाही. मशीन मागवा." मशीन यायला संध्याकाळ होणार होती. मी त्याच्यावर ओरडलो. म्हणालो झाकण तासभर उघडं आहे, वाससुद्धा गेलाय आता. त्यावर तो जे बोलला ते मला शब्दशः आठवतं, "वास गेला नाही साहेब, आपलं नाक गेलंय."

नंतर मी त्याबद्दल वाचलं. मैल्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घ्यायची शक्तीच मारतो, आणि माणसाला वाटतं आता हवा साफ झाली. शिवाय साध्या हवेत जवळपास २१ टक्के ऑक्सिजन असतो, १९.५ च्या खाली गेला तर ती हवा कामासाठी धोकादायक धरतात, आणि हे डोळ्यांना, नाकाला काहीच कळत नाही, मीटर लावूनच कळतं. आत एक जण पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो, अशीच माणसं जातात.

संध्याकाळी मशीन आलं, काम अर्ध्या तासात झालं. तो मुलगा जिवंत आहे कारण दहावीही न झालेल्या एका सुपरवायझरने माझं ऐकलं नाही. मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. तुमच्याकडे कोणी चेंबरमध्ये उतरताना दिसला तर थांबवा, कितीही पाणी तुंबलेलं असू दे.

* * *

वाईट पण लिहा म्हणालात म्हणून. आमच्याकडे कोणालाही न विचारता एका माणसाला वर सोडलं, तो सरळ माझ्या दारात. मी घरी एकटी, मुलगी लहान. पुढे काही झालं नाही पण मी प्रचंड चिडले होते, तक्रार केली. मग कळलं की तो गार्ड त्या दिवशी पहिल्यांदाच आला होता, त्याला इंटरकॉमचे नंबर कोणी दिले नव्हते, रजिस्टर कसं भरायचं तेही नाही. एजन्सी दर दोन महिन्यांनी माणसं बदलते. ज्याला आपले चेहरेच माहीत नाहीत तो परका कोण हे ओळखणार कसं? कॅमेरे वाढवले आम्ही, पण माझं स्पष्ट मत आहे की दोन कॅमेरे कमी लावा आणि तेच पैसे माणूस टिकण्यासाठी द्या.

* * *

+१. आमच्याकडे जिन्याचं फायर डोअर लोक वीट लावून उघडं ठेवतात, हवा येते म्हणून. आमचे रात्रीचे मामा प्रत्येक राउंडला वीट काढतात, सकाळी परत लागलेली असते. त्यांच्याविरुद्ध तक्रारही झाली. ते दार बंद असेल तरच आग लागल्यावर धूर जिन्यात शिरत नाही आणि माणसं खाली उतरू शकतात. मामांना हे एका ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं, ते विसरले नाहीत. वीट आता मी काढतो सकाळची.

* * *

माझ्या शेजारच्या आजी एकट्या राहायच्या. आमच्या हाऊसकीपिंगच्या ताई सकाळी पॅसेज पुसताना सगळ्यांची पायपुसणी उचलून भिंतीला उभी करून ठेवतात, फरशी वाळली की ज्याचा तो खाली घालतो, बहुतेक जण घालतच नाहीत. आजी मात्र नेमाने घालायच्या, अगदी दाराच्या रेषेत सरळ. त्या दिवशी दुपारी ताई दुसऱ्या कामाला वर आल्या तर आजींचं पायपुसणं भिंतीलाच. त्यांनी बेल वाजवली, उत्तर नाही. दाराला कान लावला, आत नळ चालू होता. धावत माझ्याकडे आल्या, माझ्याकडे आजींनी दिलेली एक चावी असायची.

आजी बाथरूममध्ये पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलेलं, शुद्धीवर होत्या पण हाक मारायची ताकद राहिली नव्हती. सकाळपासून तशाच. मी त्याच पॅसेजमधून त्या दिवशी तीन वेळा गेले-आले होते, पायपुसणं दिसलं पण मनात काही आलं नाही. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत ताई तिथे फरशीवर बसून होत्या, आजींचा हात हातात घेऊन, आणि एकीकडे पदराने फरशीवरचं पाणी त्यांच्या अंगापासून लांब सारत होत्या. हॉस्पिटलमधून आल्यावर आजींनी पहिल्यांदा त्यांनाच बोलावलं.

* * *

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा वाचलं. आज नवीन फूटव्हॉल्व बसला. काकांनी मला मुद्दाम बोलावून परत पाइपला कान लावायला सांगितलं. काहीच ऐकू येत नाही आता. त्यांनी जुना व्हॉल्व हातात दिला, आतल्या रबराच्या कडेला नखाएवढी चीर, बस तेवढीच.

खुर्ची, संडास आणि डबल ड्युटी हे तिन्ही विषय रविवारच्या मीटिंगला लिहून दिलेत. ज्यांनी ही नोकरी केली आहे अशांपैकी अजून कोणी लिहिलं तर फार बरं होईल, विशेषतः रिलीवर न येण्यावर तुमच्याकडे काय उपाय केला ते सांगा.